आप्पांचा अंतर्गळ आणि अमेरिका

अंबाजोगाईत खोली बघायला गेलो तेव्हा भाडं किती, नळ कधी येतो, यातलं काहीच घरमालक आप्पांनी काढलं नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघितलं आणि विचारलं, "घरात कुणाला साखर हाय का? दमा? मुतखडा?"

मी नुकताच ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो होतो. लग्न व्हायचं होतं, आणि मुतखड्याचा विचार करायची वेळ अजून आली नव्हती. मी "नाही" म्हणालो.

"बरं झालं. अमेरिकेत आसं आधी विचारतेत. आन् हाय म्हणलं की घेतच न्हाईत."

"खोली?"

"विम्यात, सर. विम्यात घेत न्हाईत."

माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा आणि अमेरिकेच्या विम्याचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं तिथं राहिल्यावर कळलं की आप्पांच्या लेखी अमेरिकेच्या दवाखान्याशी संबंध नाही अशी गोष्ट जगात नव्हती.

आप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि हातात भांड्यांवर नाव टाकायचं ते घुर्रर्र करणारं विजेचं यंत्र. लग्नसराईत त्या यंत्राला दम नसे. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट' हे आप्पा डोळे मिटून कोरायचे. एरवी हाताला चाळा म्हणून ते घरातल्या भांड्यांवर आपले विचार कोरत. माझ्या वाट्याला आलेल्या चहाच्या पेल्यावर 'आधी पथ्य, मग पैसा' असं लिहिलेलं होतं. घरच्या पाण्याच्या पिंपावर काय लिहिलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही, कारण ते बद्धकोष्ठाविषयी होतं.

ती वर्षंच तशी होती. गावात केबल आली, परदेशी थंड पेयाच्या बाटल्या आल्या, आणि रस्त्यारस्त्यावर खासगी नर्सिंग होम उभी राहिली. पूर्वी डॉक्टर जीभ बघून पुडी द्यायचे. आता पोट दुखलं म्हटलं की आधी पोटाचा फोटो. आप्पा प्रत्येक नव्या पाटीखाली उभे राहून मान हलवत. "आज अमेरिकेत, उद्या अंबाजोगाईत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गावात लिफ्टवाला पहिला दवाखाना झाला तेव्हा आप्पा मुद्दाम लिफ्टमधून वर जाऊन आले आणि म्हणाले, "झालं. हिचं बी बिल आजाऱ्याच्याच बोकांडी."

हे वेड लागलं त्यांच्या साडूच्या मुलामुळं. तो कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेत गेला आणि तिथं जिन्यावरून उतरताना त्याचा पाय मुरगळला. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दवाखान्याचं बिल किती झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आप्पांनी रुपयांत हिशेब केला आणि तो पुन्हा एकदा करून बघितला. काकू, म्हणजे आप्पांच्या बायको, म्हणाल्या, "आगं बाई! एवढ्यात तर नवा पाय आला आसता."

त्या दिवसापासून आप्पा रेडिओला चिकटले. रोज सकाळी पूजा झाली की ते परदेशाहून येणाऱ्या हिंदी बातम्या लावत. रेडिओची एरियलची तार काकूंच्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडलेली होती, त्यामुळं तिच्यावर ओलं लुगडं पडलं की अमेरिका घोगरी व्हायची आणि दोन लुगडी पडली की बंद. "आगं, थोडं थांब की, तिथं माणसं मरायलेत!" असं आप्पा ओरडत, आणि काकू परसातून म्हणत, "मंग ह्या लुगड्यानं का वाचणार हायेत?"

अमेरिकेत तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष आले होते आणि सगळ्या जनतेला दवाखान्याचा विमा देणारा कायदा करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते काम त्यांनी आपल्या बायकोवर सोपवलं होतं. ही बातमी आप्पांनी जेवताना सांगितली तेव्हा काकूंनी भाकरी थापायची थांबवली. "बायकूला सांगितलं म्हंजे होईल," असं त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्या बाईंच्या बाजूच्या झाल्या.

तिथली दोन सभागृहं म्हणजे काय, हे आप्पांनी मला जिन्यात उभं राहून समजावलं. "खालचं सभागृह म्हंजे आमी, वरचं म्हंजे तुमी. खालच्यानं पास केलं तरी वरच्यानं मान हलवली पायजे." माझा विषय झाडपाला असल्यामुळं मी यात काही बोललो नाही, ती चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून मला अधिकार मिळाले. सकाळी दाढी करत असलो की खालून हाक यायची, "वरच्या सभागृहाचं काय मत हाय? दोडका का वांगं?" मी एकदा वांग्याला विरोध केला, तर त्या घरात दोन दिवस भाजीच झाली नाही. आप्पा म्हणाले, "कोंडी झाली. तिथं बी आसंच व्हायलंय."

मग त्यांनी ठरवलं की अमेरिकेच्या आधी आपल्या गल्लीत कायदा करायचा. भिशी आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळते: दरमहा सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि दर महिन्याला एकेकानं सगळी उचलायची. आप्पांनी त्यात एवढाच बदल केला की नंबराच्या जागी आजार. जो आजारी पडेल त्यानं उचलायची. हा कायदा त्यांनी एका मोठ्या स्टीलच्या ताटावर कोरला, कलमं काठाकाठानं गोल गोल, त्यामुळं वाचताना ताट फिरवावं लागे. ताट दुकानात खिळ्याला टांगलं. सगळी गल्ली सामील झाली. भाडेकरू म्हणून मीही झालो.

विरोधी पक्ष एकच होता, औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे मेडिकलशेठ म्हणत. "आप्पा, फुकट मिळतंय म्हणल्यावर मान्सं खामखा आजारी पडतील," असं ते पहिल्या सभेत म्हणाले. आप्पा कडाडले, "शेठ, आवो मान्सं आजारी पडली तर तुमचाच धंदा वाढंल. तुमी कावून रडायलाव?" यावर शेठही वर्गणी भरून मोकळे झाले.

पहिल्यांदा एका म्हातारीचा मोतीबिंदू निघाला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. नंतर एकाचा दात गेला, एकाला टायफॉइड झाला, आणि मग एका संध्याकाळी आमच्या समोरचा शिंपी ताटाखाली येऊन उभा राहिला.

"आप्पा, माझा नंबर कधी हाय?"

"तुला काय झालंय?"

"काय बी झालं न्हाई. तेच तर म्हणायलोय. मी काय घोडं मारलंय? सगळ्या गल्लीला आजार, मलाच कावून न्हाई?"

आप्पांनी त्याला परोपरीनं समजावलं की ज्याला काही झालं नाही तो नशीबवान. शिंपी म्हणाला, "नशीबवान कसा? भरलेले पैसे तर गेले." आणि गंमत म्हणजे सगळी गल्ली शिंप्याच्या बाजूनं उठली. भिशी म्हटल्यावर एकूण एकाचा नंबर लागलाच पाहिजे, नाहीतर ती भिशी कसली? निरोगी माणसावर हा उघड अन्याय होता. अमेरिकेतल्या कुठल्याही पंडिताला ही अडचण आली नसेल. आप्पांनी डोक्याला हात लावला, रात्रभर कूस बदलली आणि सकाळी एका वाटीवर दुरुस्ती कोरली: 'दरमहा चिठ्ठी निघेल. जिच्यावर ज्याचे नाव, तो त्या महिन्याचा आजारी समजावा.' मूळ कायदा ताटावर आणि दुरुस्त्या वाट्यांवर, अशी पद्धत पडली.

पुढं जी मजा सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. ज्याची चिठ्ठी निघे तो डोक्याला पंचा बांधून दारात बसे. पैसे घ्यायचे तर निदान तेवढं तरी करावं, अशी सगळ्यांची प्रामाणिक भावना होती. शेजारीपाजारी बिस्किटाचा पुडा घेऊन तब्येत बघायला जात आणि घरातली बाई "आज जरा बरं वाटायलंय" असं सांगून चहा टाके. शिंप्याचा नंबर आला तेव्हा त्यानं मशीनला विजेची मोटार बसवून घेतली. आप्पांनी जाब विचारला, तर तो म्हणाला, "चाक फिरवून हात दुखायचा. आता दुखत न्हाई. ह्यो इलाज न्हाई तर काय हाय?"

आमच्या गल्लीच्या टोकाला सोपान गवळ्याचा गोठा होता. त्यानं भिशी उचलून म्हशीवर खर्च केली. म्हैस कुटुंबात धरायची का, यावर दुकानात मोठी सभा झाली. सोपान एकच म्हणत होता, "सगळ्या घराला ती पोसती. मंग घरचा कर्ता कोण, मी का ती?" त्याची बायको मागून म्हणाली, "ती." म्हैस मंजूर झाली.

सगळ्यात चिघळलं ते किराणावाल्यांच्या सुनेच्या गुडघ्यांचं प्रकरण. त्यांच्या घरची चिठ्ठी निघाली आणि ते पैसे सुनेच्या दुखऱ्या गुडघ्यांवर घालायचं निघालं. अमेरिकेत विम्याच्या आधीपासून असलेला आजार धरत नाहीत, ही गोष्ट आप्पांनी कुठंतरी बोलून दाखवली आणि तिच्या सासूनं ती उचलली. "हे गुडघे तिनं माहेरून आणलेत. माहेरच्या भिशीनं करावं!" सुनेचे वडील कडा गावाहून पहिल्या एसटीनं आले आणि भर दुकानात म्हणाले की आमच्याकडं असताना ही हरणावानी पळायची, गुडघे तुमच्या घरच्या पाण्यानं गेले. दोन्ही बाजू हातघाईवर आल्या तेव्हा आप्पांनी आणखी एक वाटी घेतली आणि कोरलं: 'पहिली दिवाळी उलटली की माहेरचा आजार सासरचा समजावा.' व्याही समाधानानं परत गेले. मला विचाराल तर इतकं शहाणपणाचं कलम मी अजून कुठं वाचलेलं नाही.

या सगळ्या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट फक्त मला, काकूंना आणि सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना माहीत होती. एकदा दुकानात तांब्याचा मोठा हंडा उचलताना आप्पा पांढरेफटक पडून खाली बसले होते. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंतर्गळ आहे, आतडं खाली उतरतंय. छोटं ऑपरेशन आहे, लगेच करून घ्या. आतडं अडकून बसलं तर जिवावर बेतेल.

तेव्हापासून आप्पा चालताना उजवा हात सदऱ्याखाली पोटावर दाबून धरत. लोकांना वाटे, भिशीच्या पेटीची किल्ली सांभाळतात.

मी मागं लागलो की त्यांच्याकडं उत्तर तयार असे. भिशीतून करा म्हटलं, तर "लोक म्हणतील, आप्पानं सोताच्या पोटासाठी कायदा काढला." मग सरकारी दवाखान्यात करा म्हटलं, तर "लोक म्हणतील, आप्पाचा भिशीवर इश्वास न्हाई." मग स्वतःच्या खर्चानं करा. "सोताच्या खर्चानं करायचं तर भिशी कशाला काढली?" तिन्ही दारं त्यांनी आतून लावून घेतली होती. शेवटी एकदा मी चिडून आवाज चढवला, तेव्हा त्यांनी तारीख दिली.

"अमेरिकेचा निकाल लागू द्या, सर. तिथं कायदा पास झाला की दुसऱ्या दिवशी मी टेबलावर झोपतो. लिंगाची शपथ."

काकूंनी हे ऐकलं आणि सरळ योगेश्वरीच्या देवळात जाऊन नवस बोलल्या. देवीला साडीचोळी, पण त्या अमेरिकेच्या बाईचं काम होऊ दे. मीही त्या महिन्यांत शेजारच्या वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर धुंडाळू लागलो. वर्गात पानांची रचना शिकवताना माझ्या डोक्यात वरचं सभागृह असे. कोण कुठला सिनेटर फुटला म्हणून मला घास गोड लागेना. आप्पांच्या आतड्याचं भवितव्य सातासमुद्रापलीकडच्या माणसांच्या हातात होतं आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

काकूंनी तर रेडिओच्या वेळेला लुगडी वाळत घालणं सोडून दिलं. एकदा बातम्यांत सांगितलं की विमा कंपन्या त्या कायद्याविरुद्ध टीव्हीवर जाहिराती करताहेत, तर काकू रेडिओलाच म्हणाल्या, "वाटोळं होईल तुमचं."

आणि मग एका सकाळी बातमी आली की कायदा बारगळला. तिकडच्या पुढाऱ्यांनी हात टेकले, यंदा काही होत नाही म्हणाले. मी जिन्यातून धावत खाली आलो. काकू डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. आप्पा म्हणाले, "अरेरे! लई वाईट झालं. गरिबाला वाली न्हाई." पण मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि थक्क झालो. त्यांचे गाल तुकतुकीत दिसत होते. त्यांनी त्या दिवशी दुकानात येईल त्याला चहा पाजला आणि एका गिऱ्हाइकाला पातेल्यावर झाकण फुकट दिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला कायदा होऊ नये असंच वाटत होतं. वर्षभर ते ज्या कायद्यासाठी जीव टाकत होते, तो पास झाला असता तर दुसऱ्या दिवशी सुरीखाली जावं लागलं असतं. हंड्याच्या त्या दिवसानंतर ताट, वाट्या, सभा, रेडिओ, सगळं त्या एका सुरीपासून लांब राहण्यासाठी चाललं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. लोकांच्या पापण्या ओढून बघणारा हा माणूस स्वतःच्या पोटाकडं बघायला भीत होता.

त्याच आठवड्यात आतडं अडकलं.

दुपारची वेळ होती. काकूंच्या हाकेनं मी खाली आलो तेव्हा आप्पा बाजेवर घामानं निथळत होते आणि पोटाला हात लावू देत नव्हते. गल्ली गोळा झाली. सोपाननं दुधाची जीप गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, कारण आत यायला वाट नव्हती. बाजेसकट न्यायचं ठरलं. डोक्याकडं सोपान आणि शिंपी, पायाकडं मेडिकलशेठ आणि मी. बाज उचलली आणि चार पावलं गेलो नाही तोच आप्पांनी हात वर केला.

"थांबा. ह्या महिन्याचा आजारी मी न्हाई."

खरंच नव्हते. त्या महिन्याची चिठ्ठी मेडिकलशेठची निघाली होती. शेठना दुकानात औषधं ठेवायला फ्रीज घ्यायचा होता आणि डोक्याला पंचा बांधून ते चार दिवस दारात बसलेही होते.

"आप्पा, आसं काय करायलाव?" शेठ बाज सांभाळत म्हणाले. "जिवाशी गाठ हाय."

"कायदा म्हंजे कायदा. मला खाली ठिवा."

"आवो, मी माझा नंबर तुमाला दिला. फ्रीज गेला खड्ड्यात."

"आसा देता येत न्हाई. ठराव लागतो."

माणूस वेदनेनं पिळवटून निघत होता आणि तरी पळवाट शोधत होता. पण शेठ वर्षभर विरोधी पक्षात बसून सभेचं तंत्र शिकले होते. ते बाज उचललेल्या अवस्थेतच मोठ्यांदा म्हणाले, "मी ठराव मांडतो. ह्या महिन्याचे आजारी आप्पा. बाजूनं आसतील त्यांनी हात वर करा!"

सगळ्या गल्लीचे हात वर गेले. शेठनी आणि मी एकेक हात वर केला आणि दुसऱ्यानं बाज धरून ठेवली. डोक्याकडच्या सोपाननं मात्र सभेतल्या सवयीनं दोन्ही हात वर केले, एक स्वतःचा आणि एक गोठ्यात राबणाऱ्या बायकोच्या वतीनं. शिंप्याचंही तेच. बाजेचं डोकं धाडकन जमिनीवर आलं, पाय आमच्या हातात वरच राहिले आणि आप्पा डोक्याच्या बाजूला घसरत गेले. त्यांनी एक आरोळी ठोकली आणि मग एकदम आवाज बंद झाला.

काकूंनी किंचाळून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. शेठनी आणि मी बाजेचे पाय हळूच खाली टेकवले.

आप्पांनी एक डोळा उघडला. पोट चाचपलं. दुसरा उघडला.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?" काकू रडत ओरडल्या.

"आत गेलं. दुखायचं थांबलं."

उलटं डोकं झाल्यानं अडकलेलं आतडं आपोआप वर सरकलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं कधी कधी होतं, पण ते तात्पुरतं असतं आणि पुन्हा अडकलं तर गाठ माझ्याशी नाही, देवाशी आहे. आम्हाला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. लोक हसायला लागले, सोपाननं हर हर महादेव केलं, शिंपी तर नाचलाच. आप्पा बाजेवर उठून बसले, सदरा नीट केला आणि सभेत बोलावं तसे बोलले, "मंडळी, इलाज झाला. खर्च काय बी न्हाई. आता दवाखान्याची गरज न्हाई, ज्याच्या त्याच्या कामाला लागा."

लोक हलायला लागले. शेठचा चेहरा फ्रीज परत आल्यासारखा उजळला. काकू तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"झोपा," त्या म्हणाल्या.

"आगं, बरं वाटायलंय मला."

"झोपा म्हणते न्हवं."

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. शेठकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कुणी त्यांच्या बाजूनं बोलेना. मग त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"सर, मला लई भ्या वाटायलंय."

मी दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. काकूंनी पदरानं त्यांचा घाम पुसला, त्यांना हातानं धरून आडवं केलं आणि म्हणाल्या, "वाटू द्या. मला बी वाटायलंय. पण ठराव झालाय."

मग त्या आमच्याकडं वळल्या.

"उचला रे. आन् आता कुणी हात वर करू नका."